आठवा बॉल

एटोबिको
टोरोंटो, कॅनडा
रविवार, १३ नोव्हेंबर २००५

दीपा, जय भीम.

उगाच पत्रं लिहीत बसणारा माणूस मी नाही, हे तुला माहीत आहे. पण दर रविवारी अकरा वाजता तुझा फोन येतो, मी उचलतो, तू विचारतेस, “आई आहे का?” मी म्हणतो, आहे, आणि फोन तिच्या हातात देतो. ग्वेल्फला शिकायला जाऊन तुला अडीच महिने झाले आणि एवढ्या काळात आपलं बोलणं ते एवढंच. तू घरी होतीस तेव्हाही गेलं दीड वर्ष फार वेगळं नव्हतं. म्हणून हे पत्र. नागपूरच्या शाळेत पाचवीपर्यंत मराठी शिकलीस, ते वाया जाऊ नये, हेही एक कारण समज.

माझ्याबद्दल ऐकायचं नसेल तर ओदेतबद्दल ऐक. ती तरी तुझी मैत्रीण आहे. समोरच्या मेडेइरोसांची पोर, जिच्याबरोबर तू सात वर्षं एकाच गोलमध्ये आलटूनपालटून उभी राहिलीस, तिच्याशी तुझं भांडण झाल्याचं मला तरी माहीत नाही.

परवा तिचा फोन होता. लिस्बनहून बोटीने नदी ओलांडली की एक गाव लागतं, तिथे मावशीकडे राहते. पहाटे बेकरीत काम, संध्याकाळी फुटबॉल क्लबची प्रॅक्टिस. क्लबमध्ये तीन गोलकीपर आहेत आणि ही तिसरी. म्हणजे मॅचच्या दिवशी ही पाण्याच्या बाटल्या भरते आणि पहिल्या दोघींना वॉर्मअप देते. ग्राउंडवर गवताचं पातं नाही, सगळा मुरूम. मला म्हणाली, “मिस्टर, इट्स एक्झॅक्टली लाइक युअर नागपूर.” पोर्तुगीज लोक कोचला मिस्टर म्हणतात, त्याची तू किती थट्टा करायचीस. घरात सुद्धा “मिस्टर, पास द सॉल्ट” चालायचं.

तिचे गुडघे आणि कोपरं सोलून निघालीत. मी विचारलं, पडतेस कशी? म्हणाली, तुम्ही शिकवलंत तशी, कुशीवर. मग बरोबर आहे म्हटलं, महिनाभरात कातडी तयार होईल. पार्कात तुम्हा दोघींना शिकवताना मी ओरडायचो, खाली गवत आहे हे विसरा. ओदेत विसरायची. तू उभी राहून म्हणायचीस, “बट देअर इज ग्रास, बाबा.”

तुझे ग्लव्हज तिच्याकडेच आहेत. डाव्याच्या अंगठ्याची शिवण उसवली होती, ती मावशीने शिवून दिली. तू ते तिला का दिलेस हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारत नाही.

थंडी वाढतेय. चांगले बूट घे, सेल लागेपर्यंत थांबू नकोस.

बाबा


एटोबिको
रविवार, १९ फेब्रुवारी २००६

दीपा,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. ठीक आहे. आई म्हणाली, मिळालं असं तू तिला सांगितलंस. तेवढं पुरे.

सकाळपासून तीनदा दारातलं बर्फ शोव्हल केलं. तिसऱ्यांदा गॅरेजचं दार उघडलं तर मागच्या भिंतीवर तुमचे टेनिस बॉलचे डाग दिसले, आणि मी फावडं टेकवून उभाच राहिलो. जानेवारीत डोम मिळायचा नाही, मिळाला तर रात्री दहाचा. त्या फुगवलेल्या तंबूत खेळायला तुम्ही एका पायावर तयार असायचात, पण दुसऱ्या दिवशी शाळा. म्हणून मी गाडी बाहेर काढून तुम्हाला गॅरेजमध्ये उभं करायचो आणि भिंतीवर बॉल मारायचो. तो कुठून परत येईल ते मलाही कळायचं नाही. तुझे हात जलद होते, ओदेतचे पाय. तू बॉल आला की उडायचीस. ती आधीच दोन पावलं सरकून बॉलच्या वाटेत उभी असायची, त्यामुळे तिला उडावंच लागायचं नाही. बघणाऱ्याला तू आवडायचीस.

तुझी आजी आली होती तो उन्हाळा आठवतो? कांताबाई आणि ओदेतची काळ्या कपड्यांतली आजी, दोघी टचलाइनवर घडीच्या खुर्च्या टाकून बसायच्या. एकीला पोर्तुगीजशिवाय काही येत नाही, दुसरीला नागपुरीशिवाय. ही भाजलेले शेंगदाणे द्यायची, ती डब्यातले खारवलेले पिवळे दाणे. गोल झाला की दोघी आपापल्या भाषेत गोलकीपरला झापायच्या. आजी तुला म्हणायची, “काहून सोडला वो बॉल, हात नव्हते का तुले?” आणि ओदेतची आजी मान डोलवायची, जणू सगळं समजलं. तेवढे शनिवार मला कोणी परत दिले, तर मी विमानतळाजवळच्या या कारखान्यातली उरलेली सगळी नोकरी त्या बदल्यात देईन.

ओदेत अजून बाकावरच आहे. दुसऱ्या नंबरची मुलगी लग्न होऊन फ्रान्सला गेली, म्हणून ही आता दुसरी. बाटल्या आता नवीन आलेली मुलगी भरते. मी तिला म्हटलं, बाकावर बसून मॅच बघू नकोस, आपल्या गोलकीपरचे पाय बघ. फोन ठेवताना तिने विचारलं, दीपा कशी आहे? मी म्हटलं, मजेत.

डोमचा विषय निघाला तशी ती मार्चमधली ट्रायलही आठवली. आज त्याबद्दल नको.

बाबा


एटोबिको
सोमवार, ८ ऑक्टोबर २००७

दीपा,

आज थँक्सगिव्हिंग. तू लॅबचं काम आहे म्हणून आली नाहीस. आईने तरी तुझ्या वाटणीचं वांग्याचं भरीत झाकून ठेवलंय. टर्की आपल्याकडे कोणालाच जमत नाही हे आता तिने मान्य केलं.

ओदेतची पहिली मॅच झाली. पहिल्या नंबरच्या गोलकीपरचं बोट वॉर्मअपमध्ये मोडलं आणि हिला पाच मिनिटं आधी सांगितलं, तू उभी राहा. चार गोल खाल्ले. चार-शून्य. पहिला तिसऱ्या मिनिटाला, दोन पायांच्या मधून. फोनवर रडत होती. “मिस्टर, आय वॉज सो बॅड.” मी तिला एकेक गोल सांगायला लावला. बॉल कुठून आला, तू कुठे होतीस, डावा पाय पुढे होता की उजवा. चौथ्या गोलपर्यंत येईतो रडणं थांबलं होतं आणि ती स्वतःच म्हणाली, चौथा कोणालाच अडवता आला नसता. मी म्हटलं, मग तीनच खाल्ले असं समज. हसली.

मग तिने नेहमीचं विचारलं. आणि मी तिला सांगितलं की तू युनिव्हर्सिटीच्या टीमकडून खेळतेस. खेळतेस एवढंच नाही, चांगली खेळतेस. का बोललो कोणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं. कारखान्यात मी दिवसभर विमानाचे सुटे भाग मोजतो. केसभर फरक असला तरी लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवतो. दहा वर्षांचा इन्स्पेक्शनचा अनुभव इथे आणि चौदा वर्षांचा भारतात. एकदाही खोटा आकडा लिहिला नाही.

हे वाक्य लिहून मी चहा करायला उठलो होतो. परत येऊन वाचलं. ते खोडतो आहे असं समज. त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

ओदेतचा फोन आला तर तिला खरं सांग, माझी हरकत नाही.

बाबा


एटोबिको
मंगळवार, १२ मे २००९

दीपा,

दोनच ओळी. ओदेत आता तिच्या क्लबची पहिली गोलकीपर आहे, सबंध सीझन ती एकटीच उभी होती. गावातल्या बेकरीवाल्याने दुकानात तिचा फोटो लावला, पण पहाटेच्या कामातून सुट्टी नाही दिली.

तुझ्या नोकरीचं आईकडून कळलं. ग्वेल्फमध्येच, चीजच्या लॅबमध्ये. म्हणजे घरापासून तासाभरावर. मी शिफ्टवर असतो तेव्हा तू घरी येऊन जातेस, हे मला डाळीच्या पातेल्यावरून कळतं. येत जा. मी शिफ्ट बदलून घेणार नाही.

बाबा


एटोबिको
रविवार, ५ डिसेंबर २०१०

दीपा, जय भीम.

आज महापरिनिर्वाण दिनाचा कार्यक्रम नॉर्थ यॉर्कच्या हॉलमध्ये होता. पन्नासेक माणसं आली होती, बरीचशी नवीन पोरं, नुकतीच आलेली, कोण आयटीत, कोण अजून फोनवरचे सर्व्हे नाहीतर सिक्युरिटी गार्डचं काम करणारी. आपल्या मंडळाचे सेक्रेटरी अरविंदकाका बोलायला उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. “आपल्यात मिलिंदजींसारखी माणसं आहेत. निवड यांच्या हातात होती. स्वतःची मुलगी समोर उभी होती. यांनी गुणवत्ता पाहिली, नातं पाहिलं नाही.” टाळ्या पडल्या. पोरं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी उठून वॉशरूममध्ये गेलो आणि तिथून गाडीत. तुझी आई अर्ध्या तासाने माझा कोट घेऊन आली. घरी येऊन तिने तो खुंटीला अडकवला. मग म्हणाली, “मला नका सांगू. तिला लिहा.”

तर लिहितो. मार्च २००४. टोरोंटोतल्या मुलींची टीम उन्हाळ्यात पोर्तुगालला खेळायला जाणार होती. दोन गोलकीपर न्यायच्या, त्यातली एक ब्रॅम्प्टनची आधीच ठरलेली. उरलेली एक जागा आपल्या क्लबची, म्हणजे तू किंवा ओदेत. मी मॅनेजरला म्हटलं होतं, मला यात घेऊ नका. तो म्हणाला, तुमच्याइतका सरळ माणूस क्लबमध्ये नाही, मार्क तुम्हीच द्या. खरं सांगतो, ते ऐकून बरं वाटलं होतं.

दहा बॉल. प्रत्येकाला पाच मार्क. डोममध्ये, पेन्सिलने, मी डाव्या पोस्टजवळ उभा राहून लिहीत गेलो. ओदेतचे झाले एक्केचाळीस. तुझे झाले त्रेचाळीस.

तुझा आठवा बॉल मी अजून डोळे मिटले की बघतो. बॉल तुझ्या मागे गेलाच होता, तू हवेतल्या हवेत वळलीस आणि लाइनवरून एका पंजाने बाहेर ओढलास. मी नागपुरात, कामठीत, इथे, हजारो मॅच पाहिल्या असतील, असा बॉल अडवलेला पाहिला नाही. पाचापैकी पाच दिले, आणि कागदाकडे न बघता लिहिला म्हणून तो पाचचा आकडा जरा वाकडा आलाय.

घरी आल्यावर पक्क्या कागदावर उतरवायला बसलो आणि तुझे एकोणचाळीस लिहिले. चार कापले. इकडून एक, तिकडून एक.

का, ते तुला समजायला हवं म्हणून सांगतो, माफीसाठी नाही. मी सतरा वर्षांचा असताना जिल्ह्याच्या टीमची निवड झाली. त्या दिवशी माझ्या गोलमध्ये एकही बॉल गेला नव्हता. यादीत नाव निघालं निवड करणाऱ्याच्या पुतण्याचं. तुझे आजोबा, यादवराव, मिलमधून तसेच ग्राउंडवर आले होते, अंगाला कापूस चिकटलेला. मला सायकलवर डबलसीट घरी नेलं. वाटेत एकच बोलले, “उद्या तुह्या हाती शिट्टी येईन. तवा आपल्या मानसाले झुकतं माप देऊ नोको.” त्या रात्री मी पेन्सिलचा कागद समोर ठेवला तेव्हा मला तुझे त्रेचाळीस दिसले, आणि त्यावर लोक काय म्हणतील तेही दिसलं. कोचची मुलगी. ते मी पुसून टाकलं. झुकतं माप देऊ नको एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मी पारडं हाताने दाबून दुसरीकडे झुकवलं, आणि वर स्वतःला सरळ माणूस समजलो.

ओदेत गेली. तिथे त्या क्लबच्या कोचने तिला पाहिलं आणि पुढच्या वर्षी बोलावून घेतलं. आज ती पोर्तुगालच्या राष्ट्रीय टीमच्या कॅम्पमध्ये आहे, तिसऱ्या नंबरची. पुन्हा बाटल्यांपासून सुरुवात, म्हणते. तिचं काही हिसकावून घ्यावं असं मला वाटत नाही. पण ती बोट, तो मुरूम, तो बेकरीतला फोटो, हे सगळं तुझं असू शकलं असतं, हे मला गेली पाच वर्षं दर फोनला वाटतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीला, अरविंदकाकांनी त्या निवडीबद्दल मला शाल दिली. तू तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होतीस, मांडीवर समोशाची प्लेट. मी शाल घेतली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

पेन्सिलचा मूळ कागद बेसमेंटमध्ये तुझ्या जुन्या बुटांच्या खोक्यात ठेवला होता. सोबत पाठवतो आहे. तू चांगली होतीस. त्या दिवशी तू जास्त चांगली होतीस. तू खेळणं सोडलंस ते माझ्या आकड्यामुळे, आणि तो आकडा खोटा होता.

बाबा


एटोबिको
रविवार, १३ फेब्रुवारी २०११

दीपा,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. अक्षर बघून आधी वाटलं, नागपुरातल्या कुठल्या शाळकरी पोराने लिहिलंय. मग आत तोच पेन्सिलचा कागद, आठव्या बॉलच्या माझ्या वाकड्या पाचवर तुझी लाल काट, पुढे शून्य. आणि मागे तू लिहिलेलं. मी ते इतक्यांदा वाचलं की तुझी आई म्हणाली, आता पाठ म्हणून दाखवा. दाखवतो.

“बाबा, आठवा बॉल आत होता. मी लाइनच्या मागून ओढला. तुम्ही डाव्या पोस्टजवळ होता, माझं अंग मध्ये होतं, तुम्हाला दिसलं नाही. मला माहीत होतं. ओदेत मागे उभी होती, तिला पण. माझे ३८ होतात. ओदेत जिंकली. तुम्ही चार कापले तरी मला एक जास्तच दिला.

“मला पोर्तुगालचा राग नव्हता. ग्लव्हज मी तिला म्हणून दिले, ती जिंकली होती. तुम्हाला आठव्या बॉलचं जयंतीच्या दिवशी घरी येताना सांगणार होते. पण तुम्ही शाल पांघरून गाडी चालवत होता. स्टेजवर सगळे म्हणत होते, यांनी स्वतःच्या मुलीला बाजूला ठेवलं. आणि तुम्ही हसत होता. आपल्याला बाजूला ठेवलं म्हणून कोणाला टाळ्या मिळतात, हे बघणं खूप वाईट असतं. त्यानंतर मला गोलमध्ये उभं राहावंसं वाटलं नाही.”

दीपा, सहा वर्षं मी चार मार्कांसाठी झुरत होतो आणि तू शालीसाठी. मी तुला सतरा पानी खुलासा पाठवला असता तरी शालीवर दोनच ओळी लिहिल्या असत्या, जशा लिहिल्या. मला ते दिसलंच नाही. मी पुन्हा चुकीच्या पोस्टजवळ उभा होतो. माझ्या मुलीला माझ्या डोळ्यांसमोर खाली बसवून मी वर उभा राहिलो आणि मला छान वाटलं. ते मला माफ कर, मार्कांचं राहू दे.

आजोबांनी सांगितलेलंही मी पाळलं नाही, हे आता कळतंय. आठव्या बॉलला मी कोच नव्हतो, नुसता बाप होतो. पाचच्या पाच मार्क त्या बापाने दिले. त्याचं मात्र मला वाईट वाटत नाही.

शाल गॅरेजमध्ये होती. तुझ्या आईने ती केव्हाच विंटर टायरवर टाकली होती. मी ती धुतली आणि काल अरविंदकाकांना नेऊन दिली. त्यांना सगळं सांगितलं, चार कापलेले आणि पाच दिलेले, दोन्ही. त्यांनी शालीची घडी मांडीवर घेतली. मग म्हणाले, “मिलिंदजी, हे एप्रिलमध्ये माइकवरून सांगू का? नव्या पोरांना उपयोग होईल.” मी म्हटलं, माइक आता पुरे.

ओदेत ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांसाठी येते आहे. आपल्या जुन्या पार्कात छोट्या मुलींसाठी गोलकीपिंगचा कॅम्प घेणार म्हणते. तुझे ग्लव्हज आणते आहे, शिवणीसकट. आठव्या बॉलचं तिला विचारलं. म्हणाली, “ऑफ कोर्स इट वॉज इन, मिस्टर. एव्हरीबडी सॉ इट.” कॅम्पला दुसरी कोच हवी आहे. मी तुझं नाव सुचवलेलं नाही. सुचवणं आता माझ्याकडे नको.

पुढच्या रविवारी अकराला तुझा फोन येईल. मी उचलेन. “आई आहे का?” असं विचारलंस तर खरं सांगतो, नसेल. पावणेअकराला मी तिला ग्रोसरीला पाठवणार आहे.

बाबा